तुझ्या खेळांवर माझा कधीच विश्वास नव्हता

वैशू,

तुझी खेळाची पेटी माझ्या घरी आहे. याडीनं दिली. तुमच्या तांड्यावर तुझ्या आईला सगळे याडी म्हणतात, म्हणून मीही हॉस्टेलच्या दिवसांपासून तेच म्हणत आले. दिवसकार्य आटोपल्यावर मी निघाले तर ती आतून पेटी घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "तूच ने, शुभा. यातलं आमाले काही समजत नाही. इथं उंदरं वायर खातीन."

मी नाही म्हणू शकले नाही. पण खरं सांगते, पेटी घरी आणली तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल माया कमी आणि संशय जास्त होता. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. तुला मात्र गोड बोललेलं कधी खपलं नाही, आणि मला ते कधी जमलं नाही. तेव्हा जसं आहे तसं लिहिते.

पुण्याहून एका मॅडमचे फोन येताहेत. तुझे खेळ ज्यांच्या प्रदर्शनात लागले होते, त्याच. आधी त्या रडल्या. मग म्हणाल्या, वैशालीचं काम अप्रतिम आहे, ते लोकांसमोर राहिलं पाहिजे. मग म्हणाल्या, आम्ही 'ओटी' परत मांडणार आहोत, पेटी पाठवाल का? आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज बोलल्यासारखं, "आम्ही त्याला एक छोटा स्क्रीन जोडू. किती कापूस वेचला ते दिसलं की लोकांना जरा सोपं जाईल."

मी म्हटलं, विचार करून सांगते. ज्या बाईच्या दर वाक्यात 'अप्रतिम' येतं तिला पुढच्या वाक्यात काहीतरी पाहिजे असतं, हे मी कम्प्युटर क्लासमध्ये शिकवताना शिकले आहे. फी उशिरा भरणारे पालक असेच सुरू करतात.

पण मला त्यांच्यापेक्षा तुझा जास्त संशय होता. पहिल्या दिवसापासून.

यवतमाळच्या हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत तू आलीस तेव्हा मी माझ्या लोखंडी पेटीला कुलूप लावलं. तुझ्यासमोर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. त्या पेटीत माझे कपडे, मार्कशीटा आणि आईनं दिलेला चिवडा होता, आणि त्यातलं काहीही गेलं असतं तर माझ्याकडे दुसरं नव्हतं. तू पलंगावर मांडी घालून बघत होतीस. म्हणालीस, "मले चोरी कराची असती तं कुलपाले हातच नसता लावला वं. मांगची बिजागरी खोलली असती. दोनच स्क्रू हायेत."

रात्रभर मी त्या बिजागरीकडे बघत पडले होते. सकाळी तुला चिवडा दिला. मैत्री झाली ती अशी, संशयातून.

मग तुझे खेळ सुरू झाले. बाकी मुली मोबाईलवर फळं कापायच्या, गाड्या पळवायच्या. तू डबड्या लॅपटॉपवर काय करत बसायचीस ते कोणालाच कळत नव्हतं. तुझा पहिला खेळ चार्जर काढल्यावरच चालायचा. बॅटरी संपत आली की त्यातली माणसं मोकळेपणानं बोलायला लागायची आणि लॅपटॉप बंद पडायच्या बेतात असताना एकदम खरं बोलायची. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "आपल्याकडे लाईन गेल्यावरच तं माणसं अंगणात येऊन बोलतात."

"आणि यात जिंकायचं कसं?"

"लाईन आल्यावर कोन जिंकते?"

हे असलं उत्तर. मला वाटायचं, हिला येत नाही म्हणून ही असं बोलते. गोल करणं जमत नाही म्हणून फुटबॉललाच नावं ठेवते.

कॉलेजच्या प्रदर्शनातलं तुझं 'खिडकी नंबर तीन' आठवतं? तहसीलमधली रांग. पुढे खिडकी, खिडकीमागे रिकामी खुर्ची. खेळणाऱ्याला एकच गोष्ट करता यायची: रांगेतल्या मागच्यापुढच्याशी बोलणं. बाबू येतच नाही. परीक्षक म्हणून बाहेरून आलेले सर बराच वेळ बटणं दाबत राहिले.

"लेव्हल किती आहेत यात?"

"नाहीत, सर."

"स्कोअर?"

"नाही, सर."

"मग बाबू कधी येतो?"

"नाही येत, सर."

"म्हणजे प्रोग्रॅम अर्धवट आहे."

तू म्हणालीस, "प्रोग्रॅम पुरा हाय सर. ऑफिस अर्धवट हाय." सगळे हसले, सर सोडून. बक्षीस ट्रॅफिक सिग्नलच्या मॉडेलला गेलं. मी तुझ्यावर चिडले, कारण मला ते बक्षीस तुला मिळायला हवं होतं आणि तू ते मुद्दाम घालवलंस असं मला वाटलं. त्या सरांच्या मागे उभ्या असलेल्या शिपायानं मात्र तो खेळ अर्धा तास खेळला होता. रांगेतल्या म्हातारीशी बोलत होता. तू त्याच्याकडेच बघत होतीस.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "तू लोकाईले येडं बनवून राह्यली."

तू म्हणालीस, "थोडंसं."

पदवी झाली. मी घाटंजीला क्लासवर शिकवायला लागले. तू मला 'मॅडम' म्हणून चिडवायला लागलीस. गावानं माझा सत्कार केला, तेव्हा तू आईच्या शेजारी बसली होतीस. मी भाषण केलं. माझ्या आईनं उन्हातान्हात लोकांच्या वावरात कापूस वेचला, घामाचं खाल्लं, कोणाच्या एका बोंडाला खोटा हात लावला नाही, असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, तिला भरून आलं. तूही मान खाली घातलीस. मला वाटलं, तुलाही.

त्यानंतर तू 'ओटी' करायला घेतलीस. आमच्याकडे येऊन आईजवळ तासन्‌तास बसायला लागलीस. मी क्लासवर, तुम्ही दोघी घरी. मी आले की बोलणं थांबायचं. मी विचारलं की आई म्हणायची, "काही नाही वं, पऱ्हाटीचं विचारून राह्यली पोट्टी." मी शिकलेली माणूस, बोलणं थांबण्यातला फरक मला कळतो. पण तुम्ही दोघी माझ्यापासून काय लपवणार, हे काही मला सुचेना.

खेळ तयार झाला तेव्हा तू तो मला दाखवलास. लाकडी चौकटीत रोवलेल्या वाळक्या पऱ्हाट्या, त्यांच्या बोंडांत खरा कापूस. कंबरेला बांधायची ओटी, वेचणीला बाया बांधतात तशीच, जुन्या लुगड्याची. तिला आतून वायर. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचं पोट फाडून तू त्यातला भाग बसवला होतास. आणि एक पेटी, तिच्यात स्पीकर. स्क्रीन नाही. माणसानं ओटी बांधायची आणि कापूस वेचायचा. हात चालू राहिला की पेटीतून बायांचं बोलणं ऐकू येतं. हात थांबला की बाया गप्प. खेळून झालं की कापूस परत बोंडांत भरायचा. तोही खेळाचाच भाग, असं तुझं म्हणणं.

तू म्हणालीस, "बांध ना वं. खेळून तं पाहा."

मी नाही बांधली. ती ओटी सुटावी म्हणून मी शिकले होते. आमच्या घरात मोठी झाल्यावर कंबरेला ओटी न बांधणारी मी पहिली, आणि माझी मैत्रीण मला ती खेळ म्हणून बांधायला सांगत होती. त्यात तू ती घेऊन पुण्याला गेलीस आणि परत आल्यावर घाटंजीच्या स्टँडवर मला फोटो दाखवलेस. जीन्सवाली एक पोरगी, कंबरेला ओटी, दात काढून हसते आहे. मागे एक पोरगा तिचा फोटो काढतो आहे.

माझं डोकं फिरलं. स्टँडवर माणसं होती तरी मी बोलले. म्हटलं, "माह्या मायच्या कंबरेचं दुखणं तू त्याईले खेळाले दिलं."

तू म्हणालीस, "ते हसून राह्यली, पन कायले हसली ते तुले माहीत नाही."

"कायले हसली? सांग."

तू सांगितलं नाहीस.

"मंग इथं दाखव. घाटंजीच्या बाजारात लाव. आपल्या बायांच्या समोर लाव. हिंमत असंल तं."

"इथं नाही."

"काहून? लाज वाटते?"

"इथं नाही म्हनलं ना, शुभा."

बस आली, तू चढलीस. मी जे समजायचं ते समजले. जी गोष्ट बाहेर मिरवता येते आणि घरात दाखवता येत नाही, तिच्यात खोट असते, असा माझा हिशेब झाला. पुढे तुझे व्हॉइस मेसेज यायचे, चिवड्याचे फोटो यायचे. मी 'हो', 'बरं', 'क्लासवर आहे' एवढंच लिहायचे. तूही विषय काढला नाहीस, मीही नाही.

आणि मग पोळ्याच्या पाठोपाठ तो ताप. दवाखान्यात मी आले होते ते तुला कोणी सांगितलं का माहीत नाही. तू झोपेत होतीस. याडी म्हणाली, "उठवू का?" मी म्हटलं, "नको, झोपू दे." मला वाटलं, उद्या येऊ.

याच्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

आता पेटीचं. पुण्याच्या मॅडमना हो म्हणायचं की नाही, हे ठरवायला मला ती आधी तपासायची होती. याडीनं सगळं माझ्यावर टाकलं होतं. त्या बायांच्या बोलण्यात तू आमच्याबद्दल काय भरलं आहेस, लोक कशाला हसतात, ते ऐकल्याशिवाय मी पेटी घराबाहेर काढणार नव्हते. चोर पकडायला बसावं तशी मी बसले. आई शेजारी गेली होती. दार लावलं, पेटीबरोबर आलेली चौकट उभी केली, पेटी सुरू केली आणि ओटी बांधली.

गाठ हातानं आपोआप मारली. शाळेच्या सुट्टीत मीही आईबरोबर जायचे. ते हातांच्या ध्यानात होतं.

वेचायला लागले. पेटीतून बाया बोलायला लागल्या.

"ऊन लय झालं वं आज."

"व्हय माय."

"तुह्या जावयाचं काय झालं, मंग?"

"काय होते? हाय तसाच हाय."

एवढंच. ऊन, जावई, कोणाच्या लग्नातलं जेवण. मी ताणून ताणून ऐकत होते. यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि रागावण्यासारखंही काही नव्हतं. मला वाटलं, वैशू, तू मलाही येडं बनवलंस.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या मॅडम. हात कापसात होते. बंद करायला गेले, जमलं नाही, आणि वेचताना बाई हातातली वस्तू जिथे टाकते तिथेच मी तो टाकला: ओटीत.

पेटी एकदम ओरडली.

"टाकला! टाकला वं इनं गोटा!"

आणि मग हसणं. बायाच बाया, पोट धरून. "माय माय, केवढा टाकला! जरा लहान टाकाव ना, काट्यावर टनकन वाजते!" आणि त्या हसण्यातून एक आवाज वर आला, जो मी जन्मापासून ओळखते.

"मी तं नेहमी मदात टाको. तयाशी टाकला तं ओटी झटकली का पडे. मदात टाकाव, आजूबाजून कापूस दाबाव. मालकाचा बाप आला तरी सापडत नाही."

माझी आई.

माझा हात थांबला तशा बाया गप्प झाल्या. मला पुन्हा वेचायला लागावं लागलं. त्याशिवाय पुढचं ऐकू येणार नव्हतं. ते तू करून ठेवलं होतंस. मी वेचत राहिले आणि माझी आई मला सांगत राहिली, की मजुरी किलोवर, म्हणून कापूस दवातला पहाटे वेचला की वजन भरतं, पण मालक उन्हं चढल्याशिवाय वावरात पाय ठेवू देत नव्हता. मग आमच्या टोळीतल्या बायांनी गोटे कसे शोधले, कोणत्या नाल्यातले चांगले, कोणती बाई पकडली जाता जाता वाचली. फोन ओटीत वाजतच होता.

शेवटी ती म्हणते, "पन माह्या शुभीले नोको सांगू बरं. ते जीव देईन, नाही तं माहा घेईन."

आणि तुझा आवाज. हसू दाबत, अगदी माईकजवळ: "नाही सांगत, काकू."

मी दार उघडून अंगणात आले, वैशू. ओटी तशीच कंबरेला.

आई आली तेव्हा मी अंगणातच होते. मी विचारलं, "तू गोटा टाकत होतीस?"

आईनं चप्पल काढली, माठातलं पाणी घेतलं, पिऊन झालं, मग म्हणाली, "वैशीची पेटी लावली वाट्टे."

"मी विचारते त्याचं सांग."

"टाकत होतो. मंग?"

"मंग? मी साऱ्या गावासमोर भाषण केलं, आई."

"ते भाषण!" आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून. तसाच, त्या दिवशीसारखा. "वैशी माह्या मांडीले चिमटे घेऊन राह्यली होती, का काकू हसू नोका, हसू नोका."

म्हणजे ते भरून आलेलं नव्हतं.

मी म्हटलं, ही चोरी आहे. आई म्हणाली, "त्याचा काटा पाह्यला होता तुनं? गठोडं डोक्यावर घेतलं का मान सांगे किती हाय, आन काटा सांगे अलग. बोललं तं उद्यापासून येऊ नोको. मंग आमी गोटा टाकू. त्याचा काटा आन आमचा गोटा. भांडन नाही, तंटा नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले? तू शिकेल. तू तं गोटे घेऊन त्याच्या घरी गेली असती, माफी मांगाले."

आणि मी खरंच गेले असते.

मग मी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले होते. वैशूनं हा खेळ इथे का नाही लावला?

आई म्हणाली, "मीच म्हनलं होतं. पुन्यात लाव, मुंबईत लाव, तिथं कोन ओयखते मले? पन घाटंजीत नोको. मालकाच्या कानावर गेलं तं आमची सारी टोयी बंद. माही एकटीची गोष्ट नव्हती, साऱ्या बायांच्या पोटाचं होतं. शपथ घेतली होती तिनं माह्या गळ्याची."

स्टँडवर मी तुला लाज वाटते का विचारत होते. तुला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. 'तुझ्या आईला विचार', एवढं म्हणाली असतीस तरी पुरलं असतं. तू बसमध्ये चढलीस.

मी चुकले असं मी इथे लिहिणार नाही. मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत होऊ नये याची तुम्ही दोघींनी चोख व्यवस्था केली होती. मी रागावले ते जे दिसलं त्यावर. पण तू ते भांडण माझ्यापुढे हरून घेतलंस, माझ्याच आईसाठी, आणि नंतर मला चिवड्याचे फोटो पाठवत राहिलीस, हे आता कोणाशी बोलायचं ते मला कळत नाही. उपकार मानायला माणूस समोर लागतो.

आणि तो खेळ. शिकवते म्हणून मला थोडं कळतं. सरळ वेचणाऱ्याला तू ऊन आणि जावई ऐकवलास. वजन एकदम वाढलं, म्हणजे कोणी लबाडी केली, की बाया त्याला आपल्यात घेतात. ती जीन्सवाली पोरगी हसत होती कारण तिनं काहीतरी टाकलं होतं आणि पकडली गेली होती. ती आमच्यावर हसत नव्हती, असं आता वाटतं. खात्री नाही. फोटो काढणाऱ्या पोराबद्दल तर अजिबात नाही. पण मॅडमनी त्यावर स्क्रीन बसवला, किती कापूस झाला ते दाखवलं, तर लोक आकडा वाढवत बसतील आणि माझ्या आईला कोणीही ऐकणार नाही, एवढं नक्की. मालकाचाच काटा परत बसवल्यासारखं होईल.

मी आईला विचारलं, मग आता काय करायचं? पेटी पाठवायची की जाळून टाकायची?

ती म्हणाली, "जाळते कायले? मालकानं उन्हाळ्यात वावर इकलं, नागपूरले गेला पोराजवळ. आता कोनाचं भेव? लाव म्हना घाटंजीत." मग, "वैशीले सांगीन सांगीन म्हनता राह्यलं. पोळा झाला का येते म्हनली होती."

पुण्याच्या मॅडमना मी फोन केला. सांगितलं, पेटी येईल, पण आमच्या बाजारानंतर. स्क्रीन लागणार नाही, आणि तो लावला नाही हे बघायला मी स्वतः येईन. त्या म्हणाल्या, "अप्रतिम कल्पना आहे." माझा अजूनही त्यांच्यावर विश्वास नाही. चौकटीचे स्क्रू मी माझ्या खुणेनं बसवले आहेत.

मागच्या बाजाराच्या दिवशी घाटंजीत कांदेवाल्याच्या बाजूला जागा धरली. याडी तांड्यावरून आली, चौकटीवर हात फिरवला आणि कापडी थैलीतून तुझा फोटो काढायला लागली. मी म्हटलं, "फोटो नको, याडी. लोक हात जोडतील आन निंगून जातील." तिनं फोटो परत ठेवला. आई येणार नाही म्हणाली होती. ती कांदेवाल्याच्या पलीकडे अर्धा तास भाव करत उभी होती.

माणसं जवळ यायची आणि संशयानं बघायची. मला बरं वाटलं, आपलीच माणसं.

"काय इकून राह्यली?"

"काही नाही, काका. खेळ आहे."

"पैशाचा?"

"फुकट."

"मंग नोको," म्हणून ते गेले. दुसऱ्यानं विचारलं, आधार कार्ड लागते का? तिसऱ्याला वाटलं, हे बियाण्याच्या कंपनीचं आहे. क्लासच्या दोन विद्यार्थिनींनी खेळून बघितलं, ऊन आणि जावई ऐकलं, "छान आहे मॅडम" म्हणाल्या आणि गेल्या. दुपार कलली तेव्हा मला वाटायला लागलं, हे इथे चालणार नाही.

मग एक बाई आली. कपाळावर घाम, लुगड्याला चिकटलेला कापूस, वावरातून सरळ बाजारात. तिनं चौकट बघितली, ओटी बघितली, मला वरून खालपर्यंत बघितलं. "वेचाचं?"

"हो, मावशी."

"कोनासाठी?"

मी ओटी पुढे केली. तिनं ती बांधली. हात असे चालले की बोंडं नुसती उघडी पडत गेली. पेटीत बाया ऊन आणि जावई बोलत होत्या. ती ऐकत होती, पण कान देऊन नाही. डोळे चौकटीच्या कडेला, वायरकडे, माझ्याकडे. मी दुसरीकडे बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं: तिनं थैलीतून एक दांडगा कांदा काढला आणि ओटीत मधोमध दाबला.

"टाकला! टाकला वं इनं गोटा!"

ती दचकून मागे सरली. मग तिला कळलं. आणि ती अशी हसली की कांदेवाला उठून उभा राहिला. आजूबाजूच्या बाया धावल्या. काय झालं, काय झालं? कोणी म्हणालं, थांबा, ऐकू द्या. पेटीतून माझी आई मधात कसा टाकावा ते सांगत होती आणि बाजारातल्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, एकमेकींकडे बघत नव्हत्या. एक म्हातारी जोरात म्हणाली, "आमच्याकडे असं नव्हतं बाप्पा," आणि सगळ्या तिच्याकडे बघून हसल्या. याडी पेटीच्या अगदी जवळ येऊन बसली होती. तिला तुझा आवाज कधी येतो याची वाट बघायची होती.

कांदा टाकणाऱ्या बाईनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "हे बोलते ते कोन हाय वं? खरी बाई हाय का नाटकातली?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कांद्यांच्या पलीकडे आई पाठमोरी झाली.

वैशू, गेल्या काही वर्षांत मी किती ठिकाणी किती नीट भाषेत बोलले असेन. त्या दिवशी तोंडातून निघालं ते असं निघालं:

"माही माय हाय. ते काय, तिथं उभी हाय."